नलूताईंचा अर्धा सिनेमा

नलूताई अभ्यंकर फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नसत. नुसतं 'हं' म्हणत. पण त्या 'हं'मध्ये 'मी ऐकते आहे, सावकाश बोला, मला कसलीही घाई नाही' एवढा सगळा मजकूर असायचा. दिल्लीत नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी ते 'हं' मला ऐकू आलं. मंत्रालयाच्या लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला माझं टेबल होतं, टेबलावर काळा फोन होता, आणि बाहेरचा नंबर कसा लावायचा याचा मला पत्ता नव्हता. मी ऑपरेटरला फोन करून, नगरच्या शाळेत शिकलेल्या हिंदीत, एक नंबर जोडून द्यायची विनंती केली. पलीकडून 'हं' आलं. मग जरा वेळ गेला आणि मराठीत विचारणा झाली, "नगरकडच्या का हो तुम्ही? आणि सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

मी खरंच काही खाल्लं नव्हतं.

त्या आवाजावरून मी मनाशी एक उंच, देखणी बाई उभी केली. जेवणाच्या सुट्टीत टेलिफोनची खोली शोधत गेले, तर खुर्चीत एक ठेंगणी, गुबगुबीत बाई बसलेली. चेहऱ्यावर देवीचे व्रण, अंबाड्यावरून हेडफोनची पट्टी, हातात विणकाम आणि डोळे मिटलेले. मला वाटलं बाईंना डुलकी लागलीय, म्हणून चवड्यांवर मागे फिरले. तर त्यांनी सुया न थांबवता सांगितलं की आला आहात तर बसा, आणि डबा माझ्याकडे सरकवला. चौथ्या वर्षी देवीच्या आजारात त्यांचे डोळे गेले होते हे मला पुढे आठवड्यानं कळलं, तेही दुसऱ्याच कोणाकडून.

त्यांना एकच रंग आठवत असे, पिवळा. सांगलीला त्यांच्या अंगणात हळद वाळत पडायची, आणि त्या लहानपणी तिच्यात लोळायच्या. आईचा चेहरा, आकाश, झाडं, सगळं पुसून गेलं, आणि तो पिवळा तेवढा राहिला. स्वप्नात आपल्याला माणसं दिसत नाहीत, नुसते आवाज येतात, असं त्या सांगायच्या. पण त्या आवाजांच्या मागे सगळीकडे हळद सांडलेली असते, आणि जाग आली की काही क्षण बोटांना तिचा वास येतो, असंही सांगायच्या. हे त्या अगदी सहज, टाके मोजता मोजता सांगत. ऐकणारा मात्र मग दिवसभर थोडा तरंगत राही.

मंत्रालयातल्या दीड हजार एक्स्टेन्शन त्यांना तोंडपाठ होत्या, आणि माणसांनाही त्या नंबरानंच ओळखत. मी चारशे बारा. खूश असल्या की मी मंजू, रागावल्या की चारशे बारा. मंत्री, सचिव, शिपाई, सगळ्यांची गुपितं त्यांच्या कानांवरून जात, पण कानात आलेलं तोंडापर्यंत येऊ द्यायचं नाही हा त्यांचा नियम होता. कोणाच्या बदलीची ऑर्डर निघाली की ती सगळ्यांत आधी त्यांना कळे. त्या बिचाऱ्याला सोडून बाकी साऱ्या ऑफिसला दुपारपर्यंत इतर वाटांनी समजायचं, आणि मग सगळे त्याच्याशी एकदम गोड बोलायला लागायचे. "आवाजात साखर पडली की समजावं, ऑर्डर निघाली," असं त्या म्हणत. हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

थंडीत दिल्लीतल्या साऱ्या सरकारी बायका लॉनवर उन्हात बसून विणतात. नलूताई बारा महिने विणत, आणि फक्त पिवळ्या लोकरीचं विणत. लोकर करोल बागेतल्या एका दुकानातून यायची. दुकानदार त्यांना कधी पिवळी द्यायचा, कधी जी खपत नसेल ती. माझ्यासाठी त्यांनी विणलेला स्वेटर चक्क वांगी रंगाचा होता. तो देताना त्यांनी अंगावर घालून बघायला लावला, बाहीवरून हात फिरवला आणि विचारलं, पिवळा तुला शोभतो ना? मी म्हटलं, फार शोभतो. ऑफिसात असे हिरवे, करडे, मरून स्वेटर घालून हिंडणारे निदान दहाजण होते, आणि सगळ्यांनी आपला स्वेटर पिवळा असल्याचं त्यांना शपथेवर सांगितलं होतं. आंधळ्या माणसाशी खोटं बोलणं फार सोपं असतं, आणि ते करताना आपण भले आहोत असंही वाटतं. मला तरी वाटायचं.

निवृत्तीनंतर त्या मयूर विहारला आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. लग्न केलं नव्हतं. गुडगावला आनंद नावाचा भाचा होता, तो महिन्यातून एकदा फळांची टोपली घेऊन यायचा. बाकी सगळा त्यांचा संसार इंटरकॉमवर चालायचा. कोणाच्या मुलीला कथकची गुरू हवी, कोणाला खात्रीचा प्लंबर हवा, की फोन नलूताईंना. त्या "लाइनवर राहा" म्हणायच्या आणि दुसऱ्या फोनवरून माणूस जोडून द्यायच्या. आमच्या सोसायटीतली दोन लग्नं या पद्धतीनं जुळली आहेत.

त्यांना स्वतःला जोडून मिळाले ते शेडगे, आणि तेही भांडणातून.

सर्जेराव शेडगे म्हणजे आमच्या गेटवरच्या सिक्युरिटीचे सुपरवायझर. माण तालुक्यातले, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. कँटोन्मेंटात नोकरीची शेवटची वर्षं काढून मग दिल्लीतच राहिले होते, कारण बायको गेल्यावर गावाकडे जाऊन करायचं काय, असा त्यांचा हिशेब होता. तोफांनी त्यांचा डावा कान पार नेला होता आणि उजव्यातला निम्मा. त्यामुळे शेडगे बोलायचे ते समोर परेड उभी असल्यासारखं. गेटवरून त्यांनी दूधवाल्याला राम राम घातला की तिसऱ्या मजल्यावरची कबुतरं उडत. शेडगे गेटवर आले त्या पहिल्याच आठवड्यात नलूताई काठी टेकत खाली उतरल्या, गेटपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बघा, मी आंधळी आहे, बहिरी नाही."

शेडग्यांनी टाचा जुळवल्या. "म्याडम, मी बहिरा हाय. म्हणून वरडतोय."

नलूताई हसत सुटल्या. त्यांना पोटभर हसताना आम्ही सगळ्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी शेडग्यांना चहाचं बोलावणं गेलं. शेडगे त्यांना कायम म्याडमच म्हणाले, आणि त्या त्यांना कायम अहो शेडगे. पण ड्युटी संपली की शेडगे वर आले नाहीत असा दिवस मग क्वचितच गेला. एक जन्मभर टेलिफोन सांभाळलेली कुमारिका आणि एक तोफा चालवलेला रांगडा हवालदार, यांचं एवढं काय जमतं, याची सोसायटीत थोडी कुजबुज झाली. ती अर्थात नलूताईंना ऐकू गेली आणि शेडग्यांना गेली नाही.

त्यांचं खरं जमलं ते सिनेमात. करोल बागेत एका मराठी मंडळाच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मराठी सिनेमा दाखवतात. आम्ही तिघं मेट्रोनं जायचो. स्टेशनवरच्या, पायांना जाणवणाऱ्या ठिपक्यांच्या पिवळ्या पट्टीवरून नलूताई काठी न वापरता चालत. ती पट्टी पिवळी असते हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. हॉलमध्ये शेडग्यांच्या उजव्या बाजूला नलूताई बसत, म्हणजे त्यांच्या चालू कानाशी, आणि मी त्यांच्या मागच्या रांगेत. शेडग्यांना पडद्यावरचं दिसायचं पण संवाद कळायचे नाहीत. नलूताईंना संवाद कळायचे पण दिसायचं काहीच नाही. मग शेडगे दृश्य सांगायचे, नलूताई त्यांच्या कानात संवाद सांगायच्या, आणि अर्धा अर्धा मिळून दोघांचा एक सिनेमा पुरा व्हायचा. शेडग्यांची कुजबुज पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची. सुरुवातीला लोक 'शूऽऽ' करायचे. पुढे पुढे लोक त्यासाठीच येऊ लागले असा मला संशय आहे.

कारण शेडगे जे सांगायचे ते पडद्यावर नसायचंच. त्यांच्या सिनेमात कोणी मरत नसे. पडद्यावर म्हातारीची तिरडी बांधत असले तर शेडगे सांगायचे, "म्हातारी उठून बसली म्याडम. चहा मागायली." गोळी लागलेला नायक यांच्या सिनेमात धूळ झटकून उभा राहायचा. आणि सगळ्या बायका पिवळ्या साड्या नेसायच्या, सगळी शेतं पिवळी, सगळ्या एसट्यासुद्धा पिवळ्या. एकदा परतताना मेट्रोत मी त्यांना हळूच, म्हणजे त्यांच्या मानानं हळूच, विचारलं की असं का करता. ते म्हणाले की मरणारी माणसं मी नोकरीत बघितली तेवढी बस झाली, म्याडमना आणखी कशाला दाखवू.

मला गंमत वेगळ्याच गोष्टीची वाटायची, कारण मागच्या रांगेतून मला दोन्ही बाजू ऐकू येत. नलूताईसुद्धा संवाद बदलायच्या. पडद्यावर मुलगा बापाला 'तू माझ्यासाठी मेलास' म्हणाला, तर त्या शेडग्यांच्या कानात सांगायच्या, मुलगा विचारतोय, बाबा, जेवलात का. शेडग्यांचा मुलगा पुण्यात होता आणि दोन-दोन महिने फोन करत नसे. दोघं एकमेकांना मनापासून फसवत होती. समोर एक सिनेमा चाले, आणि त्या दोन खुर्च्यांच्या मध्ये, हवेत कुठेतरी, दुसराच एक चालत असे. त्यात कोणी मरत नसे आणि कोणी कोणाला टाकून बोलत नसे. त्या काळोखात बसून कधीकधी मलाच कळेनासं व्हायचं की मी कोणता पाहून आले.

मग एका वर्षी दिवाळीनंतर नलूताईंचं पोट दुखायला लागलं. आनंद त्यांना मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला, तपासण्या झाल्या, आणि एका संध्याकाळी तो माझ्या घरी येऊन सोफ्यावर बसून रडला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, चौथी पायरी, फार तर तीन-चार महिने. आत्याला सांगायचं नाही, तो म्हणाला. मीही म्हटलं, बिल्कुल नाही. आपल्यात असंच करतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही तसंच केलं होतं, आनंदच्या वडिलांच्या वेळी त्यांनी तसंच केलं होतं. शिवाय नलूताईंना काही रिपोर्ट वाचता येणार नव्हता. अल्सर आहे असं ठरलं. मी कामवाल्या बाईला, शेजारच्या खन्नाबाईंना, खालच्या मजल्यावरच्या गुप्ताजींना, सगळ्यांना पढवून ठेवलं. शेडग्यांना गेटपासून लांब पार्कात नेऊन सांगितलं, कारण त्यांना सांगणं म्हणजे ओरडणं. ते ऐकत असताना त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. नलूताईंनी विचारलंच तर अल्सर म्हणायचं, मी बजावलं. त्यांनी मान हलवली.

तीन आठवडे आमचं नाटक उत्तम चाललं, असं आम्हाला वाटत होतं. खन्नाबाई खिचडी पाठवत, गुप्ताजी येता-जाता "दीदी, अब तो आप एकदम ठीक लग रही हैं" म्हणत. मीही रोज सकाळी काहीतरी गमतीचं घेऊन जाई.

एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास इंटरकॉम आला. "हं. चारशे बारा, वर या. शेडग्यांनाही बोलावलंय." मी गेले. नलूताई बाल्कनीतल्या खुर्चीवर उन्हात बसल्या होत्या, मांडीवर हॉस्पिटलची फाइल. आनंदनं ती कपाटात साड्यांच्या खाली लपवली होती. पण आपल्या कपाटात परका कागद आला तर त्यांना वासानं कळे. खाली लॉनवर बायका मटार सोलत होत्या. शेडगे आले, टाचा जुळवून उभे राहिले. नलूताईंनी त्यांना आपल्या डाव्या हाताला बसायला सांगितलं, आणि फाइल त्यांच्या हातात दिली.

"तीन आठवडे सगळ्यांच्या आवाजात साखर आहे," त्या म्हणाल्या. "माझी ऑर्डर निघाली आहे, आणि फक्त मलाच कळलेलं नाही. शेडगे, सिनेमा मी तुमचा बघितला. इतकी वर्षं आनंदानं बघितला. हॉलभर लोक मुसमुसत असताना तुमची म्हातारी चहा मागायची, ते मला कळत नव्हतं का? पण हा सिनेमा नाही, सरकारी कागद आहे. जसाच्या तसा वाचा."

शेडग्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान नकारार्थी हलवली, आज सांगायला लाज वाटते, पण हलवली. मग त्यांनी चष्मा लावला. इंग्रजी त्यांना अक्षर लावून वाचता येई, पण हे शब्द त्यांच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून त्यांनी तोफखान्यात वायरलेसवर एकेका अक्षरासाठी एकेक शब्द उच्चारून निरोप द्यायची जी रीत असते ती धरली, आणि तोफखान्याच्याच आवाजात वाचायला लागले. "अल्फा. डेल्टा. इको. नोव्हेंबर. ऑस्कर."

नलूताईंनी ताठ बसून ऐकायला सुरुवात केली. चाळीस वर्षं त्यांनीही असेच निरोप घेतले होते.

"चार्ली. अल्फा. रोमिओ. चार्ली."

"बस," नलूताई म्हणाल्या. "पोचलं. कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. पुढे?"

"स्टेज फोर, म्याडम."

हे मात्र साऱ्या सोसायटीला कळलं. खाली मटार सोलणारे हात थांबले. गुप्ताजी गाडी पुसत होते, ते फडकं हातात धरून वर बघत राहिले. जे आम्ही तीन आठवडे दाराआड कुजबुजत सांभाळलं होतं, ते शेडग्यांनी दुसऱ्या मजल्यावरून, भर उन्हात, साऱ्या ब्लॉकला वाचून दाखवलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि त्यांना ते पुसायचं सुचत नव्हतं.

नलूताईंनी खालच्या लॉनकडे कान दिला. मग म्हणाल्या, "मंजू, खाली त्या सगळ्या गप्प झाल्यात. त्यांना म्हणावं, ऐकू आलंच आहे तर चहाला वर या. मटार घेऊन या."

त्या दिवशी त्यांच्या बैठकीत अकरा बायका आणि गुप्ताजी बसून मटार सोलत होते, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा सगळे आपापल्या खऱ्या आवाजात बोलत होते. संध्याकाळी आनंदचा चिडलेला फोन आला. नलूताईंनी तो घेतला, 'हं' म्हणाल्या आणि त्याचं रागावणं, मग रडणं, सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी निघताना त्यांनी शेडग्यांकडून वचन घेतलं की आता जे दिसेल ते खरं सांगायचं. आता खोट्यात घालवायला वेळ नाही, असं त्या म्हणाल्या. मला त्या काहीच बोलल्या नाहीत. मी रात्रभर त्या न बोलण्याचाच विचार करत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या की माझा आवाज तीन आठवडे फार वाईट येत होता, लाइनमध्ये खरखर असल्यासारखा.

डिसेंबरात मंडळात एक नवा सिनेमा लागला. दोन मित्रांची गोष्ट होती. एक चाकाच्या खुर्चीतला, दुसरा थोड्याच दिवसांचा सोबती, आणि दोघं मिळून काय वाटेल ते उद्योग करत हिंडतात. विनोदी होता, लोक खो खो हसत होते. नको हा सिनेमा, असं मी आदल्या दिवशी म्हणून पाहिलं होतं. त्यावर नलूताईंनी मला चारशे बारा म्हटलं, त्यामुळे आम्ही गेलो. बाहेर धुकं इतकं होतं की करोल बागेतले दुकानांचे दिवे पाण्याखाली ठेवल्यासारखे दिसत होते. नलूताई आता हलक्या झाल्या होत्या, शेडग्यांनी त्यांना जिन्यावरून जवळजवळ उचलूनच नेलं.

शेडगे खरं सांगत होते. कोणाचीही साडी पिवळी नव्हती. त्यांचा सिनेमा एकदम फिका झाला होता, आणि ते सांगताना त्यांना कष्ट होत होते ते मागून दिसत होतं. शेवटी पडद्यावर सकाळ झाली. चाकाच्या खुर्चीतला मित्र दुसऱ्याच्या पलंगापाशी आला. संवाद थांबले, नुसती बासरी वाजायला लागली. शेडगे गप्प बसले. आख्खा हॉल शेडग्यांसाठी थांबला होता, हे मला शपथेवर सांगता येईल. सगळ्यांना त्या म्हातारीचा चहा ठाऊक होता.

"शेडगे, काय झालं?" नलूताईंनी विचारलं.

"म्याडम," शेडगे म्हणाले, "त्यो गेला."

शेडग्यांच्या सिनेमात पहिल्यांदाच कोणीतरी मेलं होतं. मागे कोणीतरी हुंदका दिला. नलूताईंनी शेडग्यांच्या चालू कानाकडे तोंड नेलं. मी पुढे वाकले, म्हणून मला ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "थांबा हो. तो बोलतोय. तो म्हणतोय, लाइनवर राहा, मी आहे."

पडद्यावर कोणी काही बोलत नव्हतं, नुसती बासरी होती. पण खरं सांगायचं वचन शेडग्यांनी दिलं होतं, नलूताईंनी नव्हतं. शेडग्यांनी मान हलवली आणि टोपीनं तोंड पुसलं.

जानेवारीत त्या अंथरुणाला खिळल्या. पलंग खिडकीशी लावला. खिडकी अशा जागी होती की शेडगे खुर्ची घेऊन बसले की नलूताई त्यांच्या डाव्या, मेलेल्या कानाकडे यायच्या. त्यामुळे त्यांचं 'हं' आता शेडग्यांना ऐकू येत नसे. मग नलूताईंनी युक्ती काढली. त्यांचा हात शेडग्यांच्या मनगटावर असे. शेडगे खिडकीतून दिसेल ते सांगत आणि मध्येच विचारत, "लाइनवर?" की त्या मनगट दाबत.

आणि शेडगे खिडकीबाहेरचं जग साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल असं सांगत. गुप्ताजी गाडी पुसायलेत. खन्नाबाईंनी गाद्या उन्हात टाकल्यात. दोन मुली सायकल शिकतायत, एक आत्ता पडंल, पडली, उठली. थोड्याच दिवसांत सोसायटीच्या लक्षात आलं की आपलं वर्णन चाललंय. मग गंमत व्हायला लागली. लोक खिडकीखालून जाताना सावकाश चालत. गुप्ताजी पुसलेली गाडी परत पुसत. खन्नाबाई एकच चादर तीनदा झटकत. कोणी वर बघून हात केला की शेडगे सांगत, "म्याडम, सहा नंबरचे शर्माजी सलाम करतायत." पाच-दहा मिनिटांसाठी का होईना, आमची चिडखोर सोसायटी एखाद्याला दिसायचं म्हणून नीट वागत होती. धुक्यातून लोक त्या खिडकीपाशी येत, क्षणभर उजळत आणि पुन्हा धुक्यात जात.

एका सकाळी मी वर गेले तर शेडगे खिडकीत उभेच होते, आणि काही बोलत नव्हते. मी विचारलं काय झालं, तर त्यांनी नुसतं खाली बोट दाखवलं. धुकं विरलं होतं. त्या दिवशी वसंत पंचमी होती. आपल्याकडे तिचं एवढं काही नसतं, पण दिल्लीत त्या दिवशी माणसं पिवळं घालतात. पिवळ्या ओढण्या, पिवळे कुर्ते, पोरींच्या केसांत पिवळ्या रिबिनी. लॉनवर पूजेसाठी झेंडूचे ढीग ओतलेले. शेडगे खुर्चीत बसले, नलूताईंचा हात आपल्या मनगटावर ठेवला आणि चाचरत सांगायला लागले. समदं पिवळं हाय, म्याडम. गुप्ताजी पिवळे, खन्नाबाई पिवळ्या, हिरवळीवर पिवळी फुलं.

नलूताईंनी मनगट दाबलं नाही. त्यांचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "शेडग्यांना सांग, मंजू," त्या म्हणाल्या, "वचन दिलंय. सिनेमा नको."

मी त्यांच्या उशाशी बसले. "ताई, सिनेमा नाही. खरंच सगळं पिवळं आहे. आज वसंत पंचमी आहे." आणि मग, का कोण जाणे, मला राहवलं नाही. "माझा स्वेटर तेवढा वांगी रंगाचा आहे. आज नाही, तुम्ही दिलात तेव्हापासूनच."

त्यांचे ओठ हलले. "माहीत आहे. तो दुकानदार 'बिल्कुल पीला' फार जोरात म्हणायचा." मग म्हणाल्या, "म्हणजे बाहेरचं खरं."

"खरं."

त्यांनी शेडग्यांचं मनगट दाबलं. शेडग्यांचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. शेडगे सांगत होते, आता आवाजात जोर आला होता. पोरींनी फेर धरलाय. एका म्हाताऱ्यानं पिवळा फेटा बांधलाय. समोरच्या गच्चीवर पिवळी साडी वाळत घातलीय, वाऱ्यानं फुगलीय. लाइनवर? हळदीचं अंगण हाय बघा म्याडम, निस्तं हळदीचं अंगण. गुप्ताजी झेंडूचा हार घेऊन आलेत, वर बघायलेत. लाइनवर?

तिथे ते थांबले. मी चहाचा गॅस बंद करून दाराशी आले. शेडगे आपल्या मनगटाकडे बघत होते. मग ते उठले, खुर्ची उचलून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला आणली, उजवा कान नलूताईंच्या तोंडाशी नेला आणि तसेच वाकून राहिले. बऱ्याच वेळानं सरळ झाले आणि माझ्याकडे वळले.

"मंजूताई," ते म्हणाले, "लाइन तुटली."

शेडगे एवढ्या हळू बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. खाली कोणालाच ऐकू गेलं नाही. मी खिडकीपाशी गेले, तर उन्हात, झेंडूच्या ढिगापाशी, गुप्ताजी हार धरलेला हात वर करून अजून आपल्या वर्णनाची वाट बघत उभे होते.